पाय दुखतोय आणि शर्यत जवळ आली आहे

सप्टेंबरात सातारा, डिसेंबरात पुणे आणि वसई-विरार, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई. महाराष्ट्रातल्या हौशी धावपटूचं वर्ष आता या तारखांभोवती फिरतं. नोकरी, घर, मुलांच्या शाळा सांभाळून पहाटे टेकडी गाठायची, रविवारी लाँग रन करायचा आणि महिनोन् महिने एका बिबची वाट बघायची. नेमकं तेव्हाच गुडघा कुरकुरायला लागतो किंवा सकाळी पहिलं पाऊल टाकताच टाचेत कळ येते. नावनोंदणीचे पैसे भरलेले असतात, ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगितलेलं असतं, आणि ‘पळू का नको’ या प्रश्नाला दहा जण दहा उत्तरं देतात.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडला, गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. अशा खेळाडूच्या पाठीशी डॉक्टर, फिजिओ आणि प्रशिक्षक असतात. हौशी धावपटूला मात्र असा निर्णय बहुतेक वेळा एकट्यालाच घ्यावा लागतो, म्हणून त्याचे नियम आधी ठरलेले हवेत. दुखणं असताना सराव चालू ठेवता येतो, कधी कधी शर्यतही पळता येते. पण कुठे थांबायचं ते शांतपणे, घरी बसून, कागदावर लिहून ठेवायला हवं. स्टार्ट लाइनवर ढोल-ताशा वाजत असताना घेतलेला निर्णय पायाच्या हिताचा असेल याची खात्री नसते.

आधी दुखणं ओळखा

प्रत्येक दुखणं ही दुखापत नसते. नव्या चढावर पळून आल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या आंबतात, पोटऱ्या भरून येतात. हे दुखणं पसरट असतं, दोन्ही पायांत सारखं असतं, एक ते तीन दिवसांत चढतं आणि आपोआप उतरतं. त्याची काळजी नको.

दुखापतीचं दुखणं बहुधा एका बाजूला आणि एका जागी असतं. जिना उतरताना किंवा सिनेमागृहात बराच वेळ बसून उठताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत असेल, तर वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधला भार वाढलेला असतो. गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला, ठरावीक किलोमीटरनंतर आणि विशेषतः उतारावर कळ येत असेल, तर नितंबापासून नडगीपर्यंत जाणाऱ्या पट्ट्याचा, म्हणजे आयटी बँडचा, त्रास असण्याची शक्यता मोठी. सकाळी पलंगावरून उतरताच टाचेखाली टोचलं आणि चार पावलांनी कमी झालं, तर तळव्याचा पट्टा दुखावलेला असतो. टाचेच्या मागे, पोटरीच्या शेवटाला ताठरपणा असेल, तर अकिलीस कंडरेकडे बघा.

नडगीबाबत जास्त सावध राहा. नडगीच्या आतल्या कडेवर तळहाताएवढ्या लांबीत दुखत असेल तर ते शिन स्प्लिंट असू शकतं; भार कमी केला की ते बरं होतं. पण हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, तिथे दाबल्यावर तोंडातून आवाज निघत असेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेला असण्याचा संशय घ्यावा. असा तडा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये अनेकदा दिसतच नाही. एक्स-रे साफ आला म्हणून पळायला सुरुवात करू नका. गरज असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतील.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञ किंवा क्रीडावैद्यक तज्ज्ञ गाठा: घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता न येणं, ‘तट्’ असा आवाज होऊन गुडघा सुजणं किंवा अडकणं, जांघेत खोलवर दुखणं आणि एका पायावर उडी मारताच ते वाढणं, पायाला मुंग्या येणं किंवा बधिरपणा, एकच पोटरी सुजून गरम लागणं. धावताना छातीत दुखणं, भोवळ येणं किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागणं याला तर क्षणाचाही उशीर नको.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरली जाते. पावसाळ्यात आणि त्यानंतर चिकुनगुनियाची साथ असते. ताप जातो, पण घोटे आणि सांधे काही महिने दुखत राहू शकतात. धावपटू त्याला सरावाची दुखापत समजतो आणि बूट बदलत बसतो. मागच्या दोन-तीन महिन्यांत ताप येऊन गेला असेल, तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा.

महिला धावपटूंनी पाळीकडे लक्ष ठेवावं. सराव वाढल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर शरीराला अन्न कमी पडतंय असा त्याचा एक महत्त्वाचा अर्थ असतो, आणि अशा अवस्थेत हाडं कमकुवत होऊन तडे जाण्याचा धोका वाढतो. अशा वेळी किलोमीटर वाढवू नका. आधी ताटातलं अन्न वाढवा आणि डॉक्टरांना भेटा.

दुखण्याला आकडा द्या

‘थोडंसं दुखतंय’ या उत्तराचा उपयोग होत नाही. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारी वेदना, अशा मापावर रोज दुखणं मोजा. स्वीडनच्या फिजिओंनी रुजवलेली ही पद्धत आज जगभर वापरली जाते, आणि तिला वही-पेनाशिवाय काही लागत नाही.

तीन वेळा आकडा लिहा: धावताना, धावून झाल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. दोनपर्यंतचं दुखणं चालेल. तीन ते पाच असेल तर सराव करता येईल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीला यायला हवं. पाचच्या वर गेलं, धावताना लंगडावं लागलं किंवा पाऊल वाकडं पडू लागलं, तर तिथेच थांबून चालत घरी या. लंगडत पळालेला प्रत्येक किलोमीटर दुसऱ्या पायाला नवी दुखापत देऊ शकतो.

सर्वात महत्त्वाचा आकडा सकाळचा. अकिलीससारखं दुखणं फसवं असतं. पहिल्या दोन किलोमीटरनंतर पाय गरम होतो, दुखणं नाहीसं होतं, आणि धावपटू समजतो की सगळं ठीक आहे. खरा हिशोब दुसऱ्या दिवशी उठल्यावर कळतो. सकाळचा ताठरपणा आठवड्यागणिक वाढत असेल तर भार जास्त होतोय. कमी होत असेल तर तुम्ही योग्य वाटेवर आहात. हाडाच्या तड्याचा संशय असेल तेव्हा मात्र ही मोजपट्टी वापरायची नाही. तिथे शून्य दुखणं हीच मर्यादा.

सराव थांबवण्याआधी सराव बदला

‘महिनाभर पूर्ण विश्रांती घ्या’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तडा गेलेल्या हाडाला विश्रांती लागतेच. पण कंडरा आणि स्नायू नुसते बसून बळकट होत नाहीत. त्यांना सोसेल एवढा भार मिळत राहिला, तरच ते पुन्हा तयार होतात. महिनाभर बसलेला धावपटू परतल्यावर जुन्या वेगाने पळतो आणि पुन्हा तिथेच दुखावतो.

भार कमी करण्याचा क्रम ठरवून घ्या. आधी वेगाचे सराव बंद. मग तुमच्या दुखण्याला छळणारा चढ किंवा उतार बंद. त्यानंतर लाँग रनचं अंतर कमी. आठवड्यातल्या सोप्या, सपाटीवरच्या धावा शेवटपर्यंत जपा. गुडघा दुखत असेल तर पावलं थोडी छोटी आणि जलद टाका. दर मिनिटाची पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली की त्याच वेगाला गुडघ्यावरचा भार कमी होतो. तुमची १६० पडत असतील तर १६८ ते १७६ करून बघा. मोबाइलवरचा मेट्रोनोम मदतीला येतो.

दम टिकवण्यासाठी सायकल आणि पोहण्याचा तलाव वापरा. कमरेला फ्लोट बांधून खोल पाण्यात, तळाला पाय न टेकता धावण्याची कृती करणं, हा तर धावण्याच्या सर्वात जवळचा पर्याय. तलावाची सोय नसेल तर सायकलवरच आठवड्याचे दोन सराव काढा.

पळणं पूर्ण बंद करावं लागलं असेल, तर परतीची पायरी ठरलेली असू द्या. सलग अर्धा-पाऊण तास भराभर चालून दुसऱ्या दिवशी काही दुखलं नाही, की एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं. एक दिवस सोडून एक दिवस. मग पळण्याचा वेळ हळूहळू वाढवा, चालण्याचा कमी करा. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका. गेल्या महिन्यात सर्वात लांब दहा किलोमीटर पळाला असाल, तर या रविवारी मित्र अठरा पळतोय म्हणून त्याच्याबरोबर जाऊ नका. एकाच दिवशी घेतलेली अशी उडी महाग पडते.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीला

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीकडून पायावर येतो. तो पेलणारे स्नायू मांडीचे, नितंबाचे आणि पोटरीचे. हौशी धावपटू किलोमीटर मोजतो, पण या स्नायूंसाठी वेळ काढत नाही. अनेक दुखापतींचं मूळ इथे असतं.

अकिलीससाठीचा सर्वात प्रसिद्ध व्यायाम इमारतीच्या जिन्यावर करता येतो. स्वीडनचे डॉ. हाकान आल्फ्रेडसन यांनी तो १९९८ मध्ये मांडला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहा, दोन्ही पायांनी वर उचला आणि दुखऱ्या पायावर सावकाश टाच खाली सोडा. पंधरा वेळा, तीन फेऱ्या; एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून; सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. टाच जिथे हाडाला जुळते तिथेच दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा.

गुडघ्यासाठी भिंतीला पाठ टेकून अर्धी बैठक, पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणं, आणि एका पायरीवरून सावकाश खाली पाऊल टाकणं, एवढं पुरे. पाऊल टाकताना गुडघा आत वळत नाही ना, हे आरशात पाहा. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, आणि शर्यतीच्या आठवड्यात बंद.

ताज्या मुरगळीवर, सुजलेल्या घोट्यावर जोरात मालिश करून घेऊ नका. पहिले दोन-तीन दिवस पट्टी, पाय उंच ठेवणं आणि सोसेल तेवढीच हालचाल. १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं ही चतुःसूत्री लोकप्रिय करणारे डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे बर्फाबद्दलचं मत बदललं. बर्फाने वेदना कमी होते, पण भरून येणं लवकर होतं असं नाही.

जागा आणि ऋतू बघून पळा

दुखऱ्या पायासाठी बाहेर पळण्याची जागा हा औषधाइतका महत्त्वाचा निर्णय आहे. पुण्यातली वेताळ टेकडी किंवा तळजाई मातीची आणि पायाला मऊ आहे, पण खडे आणि मुळं असल्याने मुरगळलेला घोटा बरा होईपर्यंत ती टाळावी. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ धरतं, तेव्हा तर नक्कीच. अशा वेळी शाळा-कॉलेजचं मैदान किंवा सपाट डांबरी रस्ता बरा. मुंबईत मरीन ड्राइव्ह सपाट आहे, म्हणून गुडघेदुखीतून परतणाऱ्याला तो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या चढ-उतारांपेक्षा आधी घ्यावा.

आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते केलेले असतात. रोज एकाच कडेने पळालं की एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो आणि आयटी बँड, घोटा कुरकुरतो. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजव्या कडेने पळणं सुरक्षित, हे खरंच. म्हणून पहाटेच्या रिकाम्या, बंदिस्त रस्त्यावर किंवा मैदानात दिशा बदलून पळा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून पळू नका. लेप्टोस्पायरोसिस तिथूनच शरीरात शिरतो.

ऑक्टोबरचा उकाडा आणि विदर्भातलं ऊन अंगवळणी पडायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात घड्याळाचा पेस विसरा. दुखापतीतून परतताना उन्हाचा ताण वेगळा भरू नका.

कोणत्या दुखण्याला कोणती शर्यत

शर्यत निवडताना बहुतेक जण अंतर बघतात. दुखापत असलेल्याने आधी मार्ग बघावा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि त्याच वाटेने परत उतरायचं. म्हणजे पहिला अर्धा भाग मुख्यतः चढ, दुसरा उतार. चढ पोटरी आणि अकिलीसला ताणतो. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि त्याचा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. म्हणून अकिलीस दुखत असलेल्याला पहिले दहा किलोमीटर जड जातील, आणि वाटी किंवा आयटी बँड दुखत असलेल्याला शेवटचे दहा. गुडघेदुखी चालू असताना वर्षातली पहिली शर्यत साताऱ्याची घेऊ नका. सपाट मार्गाची दहा किलोमीटर आधी पळा.

साताऱ्याला जाणारच असाल, तर उताराचाही सराव करा. शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी सौम्य उतारावर छोटे, सावकाश सराव केले की स्नायू सावरतात आणि पुढच्या वेळी कमी आंबतात. हा संरक्षणाचा परिणाम काही आठवडे टिकतो. घाट उतरताना मागे रेलून टाचेवर आपटू नका. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ थकलेल्या पायांना येतो. तिथे चालण्याची योजना आधीच करा. चालणं नियमात बसतं.

नावनोंदणी करताना बिब पुढच्या वर्षावर ढकलता येईल का, छोट्या अंतरात बदलता येईल का, हे वाचून घ्या. स्वतःचा बिब मित्राला देऊ नका. त्याला वाटेत काही झालं तर वैद्यकीय पथकाच्या हातात तुमचा रक्तगट आणि तुमच्या घरचा फोन नंबर असेल.

दोन आठवडे आधीची परीक्षा

शर्यतीच्या चौदा दिवस आधी चार प्रश्न विचारा. पाऊण तास भराभर चालल्यावर दुखणं दोनच्या आत आहे का? दुखऱ्या पायावर दहा उड्या मारता येतात का? गेल्या तीन आठवड्यांत सकाळचा आकडा खाली आलाय का? शर्यतीच्या अंतराच्या निम्म्याहून बरंच जास्त अंतर एकदा तरी न लंगडता पळालात का? चारही उत्तरं ‘हो’ असतील तर पळा. एक ‘नाही’ असेल तर छोटं अंतर घ्या किंवा वेळेचा विचार सोडून पळत-चालत जा. दोन ‘नाही’ असतील तर यंदा स्वयंसेवक म्हणून पाण्याच्या टेबलावर उभे राहा. राहून गेलेला सराव या चौदा दिवसांत भरून काढता येत नाही. तसा प्रयत्नही करू नका.

गोळी खाऊन पळू नका

शर्यतीच्या सकाळी डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेणारे प्रत्येक शर्यतीत दिसतात. लांब धावताना घाम जातो, मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, आणि ही औषधं तो आणखी कमी करू शकतात. पोटात रक्तस्राव होण्याचाही धोका असतो. शिवाय जी वेदना तुम्हाला थांबवणार होती तीच बधिर होते, आणि छोटी इजा मोठी होते. पावसाळ्यात अंगदुखीसह ताप असेल आणि डेंग्यूची शक्यता असेल, तर या गोळ्या अजिबात नकोत.

शर्यत गाठण्यासाठी कंडरेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. कंडरा तुटण्याचा धोका वाढतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्सचाही अकिलीस तुटण्याशी संबंध सिद्ध झालेला आहे. जुलाब किंवा लघवीच्या संसर्गासाठी औषध लिहून घेताना ‘मी धावतो’ किंवा ‘मी धावते’ एवढं डॉक्टरांना सांगा.

शर्यतीच्या दिवशी

बिबच्या मागे रक्तगट, आजार, औषधं आणि घरचा नंबर लिहा. नवे बूट घालू नका. थांबण्याचा नियम घरच्या एका माणसाला आधीच सांगून ठेवा: ‘दुखणं सहावर गेलं किंवा लंगडलो तर पुढच्या वैद्यकीय केंद्रावर थांबेन.’ पेसरच्या ‘बस’मध्ये, म्हणजे ठरलेल्या वेगाने नेणाऱ्या धावपटूमागच्या घोळक्यात, शिरलात की स्वतःचा वेग विसरायला होतं, म्हणून सुरुवातीचे पाच किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा हळू पळा. शर्यत संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. पुढचे तीन दिवस सकाळचा आकडा लिहा, आणि तो शर्यतीआधीच्या पातळीला येईपर्यंत पुढची शर्यत नोंदवू नका.

अर्ध्यावर सोडलेली किंवा सुरूच न केलेली शर्यत म्हणजे अपयश, ही समजूत आपल्या धावपटूंच्या ग्रुपमधून जायला हवी. ज्येष्ठ धावपटूंनी आणि प्रशिक्षकांनी यात पुढाकार घ्यावा. ‘थोडं सहन कर’ म्हणण्याआधी ‘सकाळचा आकडा किती होता?’ असं विचारा. जो आज नियमाप्रमाणे थांबला, त्याचं कौतुक मेडलवाल्याइतकंच करा. आजच एक वही घ्या, तुमचे थांबण्याचे नियम पहिल्या पानावर लिहा आणि उद्या सकाळचा पहिला आकडा त्यात नोंदवा.